बेनितोचा दगड

"फावडं खाली ठेव, अन्सेल्मो. नोकरी घालवशील." मुकादम हॉब्स अगदी काकुळतीला आला होता.

"पगार कोण मागतंय? भावाच्या कबरीवरचा दगड तेवढा बसवतो नि जातो."

"अरे बाबा, घरी बसवलेल्यांना फुकट काम करायलाच बंदी आहे!"

वॉशिंग्टनला सरकारी खर्चाचं विधेयक अडकलं आणि टेक्सासमधल्या या सैनिकी दफनभूमीतली निम्मी माणसं बिनपगारी घरी बसली. हॉब्ससारखी उरलेली बिनपगारी राबत होती. मरण काही थांबत नाही, म्हणून दफन चालू होतं; दगड बसवणं मात्र बंद. अन्सेल्मोचा उभा जन्म इथे लोकांचे दगड बसवण्यात गेला, आणि त्याच्या धाकट्या भावाच्या, बेनितोच्या उशाशी कागदाची पाटी!

त्यांच्या म्हाताऱ्या आईला, रेफुहियाला, त्या पाटीचा काय उपयोग? तिचे डोळे गेलेले. लेकाचं नाव तिला बोटांनी वाचायचं होतं, आणि शनिवारी पहाटे ती कायमची लेकीकडे, ओरेगनला निघणार होती.

विधेयक मंजूर झालं आणि गुरुवारी काम एकदाचं सुरू झालं.

"बुडालेला पगार सगळा मिळणार म्हणे! घरबसल्या चैन केलीस लेका," हॉब्स हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बेनितोपासून सुरू कर. कोण विचारतंय?"

दगड दफनाच्या क्रमाने बसायचे. बेनितो सगळ्यांच्या शेवटी होता. रांगेच्या पहिल्या टोकाला एक म्हातारा घडीच्या खुर्चीवर बसला होता. बायकोच्या पाटीपाशी तो रोज येऊन बसायचा, हे अन्सेल्मोने पाहिलं होतं.

"मला निदान पगार मिळतोय," अन्सेल्मो म्हणाला. "यांना वाट पाहिल्याचं काय मिळतं?"

आणि त्याने पहिला खड्डा म्हाताऱ्यापाशी खणला.

दोन दिवस त्याने मान वर केली नाही. तरी शुक्रवारी संध्याकाळी हॉब्सने अवजारं कुलपात टाकली, तेव्हा एकटा बेनितोच राहिला होता. अन्सेल्मो आईला घेऊन आला. बेनितोचा दगड आधी का बसवला नाही, ते त्याने तिला सांगितलं.

"बापावर गेलास. मेला हट्टी!" रेफुहिया संतापली.

"आई, दगड गोदामात आहे. तिथे हात लाव, चल."

"गोदामातल्या दगडाला काय हात लावू? माझं पोर इथे आहे."

मग तिने हात पुढे केला. "शेजारच्याचा बसवलास ना? दाखव."

त्याने तिचा हात शेजारच्या दगडावर ठेवला. तिची बोटं अक्षरांवरून सावकाश फिरली.

"कोण रे हा?"

"लेरॉय टिबेट्स."

"याची आई आहे?"

"कुणीच आलं नव्हतं दफनाला."

रेफुहियाने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्या नावात अडकलेली माती एकेका अक्षरातून पुसून काढू लागली.