शिंगाची अंगठी आणि मास्तरांचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. सोन्याची नव्हे, म्हशीच्या शिंगाची. आणि बोटातली नव्हे, तिरंदाजाच्या अंगठ्यातली. धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढणाऱ्यांना माझ्यावाचून चालत नाही, कारण दोरीचा घाव कातडीऐवजी मी सोसते. आता मी खिळ्याला टांगलेली असते. खोटं कशाला बोलू, फार थकले आहे.

शिंगकाम करणाऱ्या एका बाईने मला घडवलं. माप द्यायला आलेल्या तरुण तिरंदाजाला तिने सकाळी परत पाठवलं होतं. "दिवसभर बाण मारून या. दमलेल्या अंगठ्याचं माप खरं," ती म्हणाली. तिने मला किंचित लांबट ठेवलं. आडवी घालायची, सांधा ओलांडला की फिरवायची, मग मी जागची हलत नसे.

तो तरुण पुढे तिरंदाजीचा मास्तर झाला. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी बाण सोडले. लोक मला हातात घेऊन विचारायचे, "हिच्यात काही मंतरलेलं आहे का हो?" मास्तर म्हणायचे, "आहे ना, सराव!" तेव्हा मी अगदी फुलून जायची.

मग एका थंडीत मी सांध्यावर अडले. तेल झालं, साबण झाला. दुसरा कोणी डॉक्टरकडे गेला असता, निदान त्या बाईकडे तरी. पण मास्तरांचा खाक्या मोडेन पण वाकणार नाही असा. त्यांनी दार लोटलं, कानस घेतली आणि मला आतून घासलं. वर मलाच म्हणाले, "आकसलीस गं तू."

मी आकसले! किती वाईट वाटलं म्हणून सांगू.

दर थंडीत सांधा सुजायचा आणि दर थंडीत माझ्यावर कानस फिरायची. अशी अकरा वर्षं गेली. दुखणं ते अंगावर काढत होते, पण झिजत मी होते. शेवटी त्यांनी धनुष्य खाली ठेवलं. लेकीला सांगितलं, "डोळ्यांनी दगा दिला." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बटणांच्या डबीत गेले आणि चार वर्षं तिथेच पडून राहिले.

लेक बापाच्याच हाताखाली शिकलेली. मोठ्या स्पर्धेच्या सकाळी तिने डबी उघडली. "बाबा, आज तुमचीच घालणार," म्हणाली. मी तिला ढगळ होत होते, म्हणून तिने आतून चामड्याची पट्टी लावली. त्या पट्टीखाली माझी झीज झाकली गेली. मास्तरांनी तोंड उघडलं, पण ते मूग गिळून बसले.

मैदानावर तिने दोरी कानापर्यंत ओढली. माझ्या अंगातून बारीक कट्ट असा आवाज आला. मी तुटले असते तर दोरीने तिचा अंगठा फाडला असता. मला ते कळत होतं, पण अंगठीला तोंड कुठलं?

कडेच्या बाकावरून मास्तर ओरडले, "थांब! सोडू नकोस. दोरी हळूहळू सैल कर."

तिने धनुष्य उतरवलं. "काय झालं बाबा?"

"ती अंगठी कागदासारखी पातळ झालीय. मीच घासलीय."

"पण का?"

मास्तरांनी सगळ्यांसमोर आपला अंगठा वर केला. सांधा सुपारीएवढा सुजलेला होता. "हा आत जाईना म्हणून."

लेकीने तो अंगठा हातात घेतला. "आणि मला डोळ्यांचं सांगितलंत?"

"डोळे ठणठणीत आहेत माझे," मास्तर पुटपुटले.

तेवढ्यात तिची बाण सोडायची पाळी गेली आणि तिला स्पर्धेबाहेर व्हावं लागलं. संध्याकाळी ती वडिलांना त्या शिंगकाम करणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. म्हाताऱ्या बाईने मला खिडकीशी धरलं. "हिच्यातून उजेड दिसतोय हो! तेव्हाच आला असतात तर नवी घडवणं अर्ध्या दिवसाचं काम होतं." तिने लेकीलाही नव्या अंगठीच्या मापासाठी दिवसभर बाण मारून यायला सांगितलं आणि मास्तरांना दवाखान्याचा रस्ता दाखवला.

मित्रांनो, वस्तू जपा, मला तेल लावा, उन्हात टाकू नका, हे मीही सांगेन. पण तुमचं काही दुखत असेल, तर आधी तसं म्हणा. मास्तरांनी तेवढं एक वाक्य पंधरा वर्षं गिळलं. आता लेक रोज त्यांचा अंगठा शेकते आणि ते "आई गं!" म्हणून मोठ्याने ओरडतात. खिळ्यावर मला ते ऐकू येतं, आणि फार बरं वाटतं.