बावीस दोर

शिओमी गावात आजवर कुणीही जिझोशी खोटं बोललेलं नाही. खोटं बोलायला नगरपालिका आहे, आणि तिथल्या गटार विभागात तोकुजी मिनोवाने अडतीस वर्षं काढली होती.

जिझो म्हणजे देवळाच्या पायरीशी उभा असलेला, कंबरेएवढा, मुंडण केलेला दगडी देव. गळ्यात लाल लाळेरं, गालातल्या गालात हसू, आणि बाकी सगळा दोरांत गुंडाळलेला. नवस बोलताना त्याला दोर बांधायचा; फळला की आपला दोर आपणच येऊन सोडायचा. दुसऱ्याने सोडला तर नवस वाया. जखडून ठेवल्याशिवाय कुणी काम करत नाही, हे गावाला बहुधा नगरपालिकेनेच शिकवलं असावं.

मे महिन्यात तोकुजीने दोर बांधला होता. मागणं एका ओळीचं: चिगुसाचं लग्न मोडू दे. चिगुसा एकुलती एक मुलगी, आणि तिचा होणारा नवरा कुवानो तिला थेट उत्तरेच्या टोकाला, होक्काइदोला नेणार होता. मग ऑगस्टात कुवानो घरी जेवायला आला. न सांगता भांडी घासली, आणि तोकुजीच्या गटारांच्या आठवणी दोन तास ऐकल्या. वर प्रश्नही विचारले. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, हे तोकुजीला तिथेच पटलं. दोराचं मात्र डोक्यातून साफ गेलं.

आता सप्टेंबर संपत आला होता आणि लग्न शनिवारवर. सोमवारी कुवानोचा पाय मोडला. मंगळवारी हॉलवाल्यांचा फोन आला. त्याच वेळेला त्यांनी दुसरंही लग्न घेऊन ठेवलं होतं, आणि त्याबद्दल ते अत्यंत दिलगीर होते. बुधवारी सकाळी वादळाचा इशारा. तेव्हा कुठे तोकुजीला मे महिन्यातला दोर आठवला. जिझो कामाला लागला होता.

न्याहारी तशीच टाकून तो देवळात पोहोचला. दोर सगळे सारखे, देवळातल्याच पेटीतले. गाठीवरूनही ओळख पटेना, कारण गावातला प्रत्येक पुरुष गाठ मारायला स्वयंसेवक अग्निशमन दलात शिकलेला. त्याने एक दोर सोडला, ज्याचा असेल त्याची वाकून माफी मागितली. दुसरा सोडला. कुणाचं ऑपरेशन असेल, कुणाची परीक्षा. पुन्हा वाकला. बावीस दोर सोडून होईतो त्याची बोटं सोलवटली.

"तोकुजी, तुझे इतके नवस फळले?"

मागे फुसाएकाकू उभ्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, जिझोची लाळेरी शिवायचं काम त्यांच्याकडे. तोकुजीला त्यांनी लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं.

काकूंनी एवढंच विचारलं, "कधी बांधलास म्हणालास?"

"मे महिन्यात."

"मग कशाला बोटं सोलतोयस? तो इथे नाहीच."

अकरा वर्षांपूर्वी दोरांच्या भाराने जिझो कलला होता. तेव्हापासून दर महिनाअखेरीला काकू आणि भटजींची बायको पहाटे येऊन सगळे दोर कात्रीने कापत. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको म्हणून गावाला कळवलं नव्हतं.

"पण काकू, मग अकरा वर्षांतले नवस?"

"ते मला काय विचारतोस? मी लाळेरी शिवते. आणि हे सोडलेस ते परत बांध. लोक बघायला येतात."

तोकुजीने बावीसच्या बावीस दोर पुन्हा बांधले, प्रत्येकाला वाकून.

वादळ समुद्रातच वळलं. हॉल सकाळचा मिळाला. शनिवारी कुवानो कुबड्या घेऊन बोहल्यावर उभा राहिला, आणि रविवारी चिगुसा होक्काइदोला गेली.

त्या महिन्याचे दोर, ते बावीस धरून, शुक्रवारच्या जळाऊ कचऱ्यात गेले होते.