टिटवीचा पत्ता

कॅसेटवर नाव एवढंच होतं: टिटवी. भंगारात आलेल्या एका टेपच्या पोटात ती अडकून बसली होती. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या भावाने ती सोडवली, फीत नीट गुंडाळून लावली आणि थोरल्या बहिणीला फोन केला. बहीण दातांची डॉक्टर. "ताई, हातातली दाढ ठेव बाजूला आणि हे ऐक."

तेव्हापासून दोघं त्या आवाजाच्या नादी लागली. मोजकी गाणी, एक गिटार आणि शेजारणीने जिन्यात उभं राहून बोलावं तसा साधा आवाज. शब्दही तिचेच, चालीही तिच्याच. त्यांनी ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि बघता बघता चाहत्यांचा कंपू जमला. त्यात कोणी बस चालवणारी, कोणी गणिताचे मास्तर. पण ही टिटवी कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यातही शेवटचं गाणं सगळ्यांच्या जिवाला लागलेलं. 'काठ सोड, हात सोड, पाणी तुला धरून ठेवील.' त्यानंतर तिचं एकही गाणं नाही. तिने जीव दिला असणार, असं कोणीतरी म्हणालं. हळूहळू त्यातलं 'असणार' गळून पडलं. संध्याकाळी दवाखाना आवरताना डॉक्टरीणबाई ते गाणं लावायच्या. ते गाणं निघालं तेव्हा आपण शाळेत होतो हे माहीत असूनही, आपल्याला पोचायला उशीर झाला असंच त्यांना वाटायचं.

अखेर ते गाणं रेकॉर्ड करणारे म्हातारे गृहस्थ सापडले. "तिच्या बहिणीच्या घरचा जुना पत्ता आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "बघा जाऊन."

जिना चढताना भाऊ मध्येच थांबला. "विचारायचं कसं गं? तूच बोल."

"लोकांना तोंड उघडायला लावते मी रोज. आज माझंच उघडत नाहीये."

दार उघडलं ते साठीच्या, रुंद खांद्यांच्या बाईने. केस ओले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"आम्ही तुमच्या बहिणीबद्दल..." शेवटी भावानेच सुरुवात केली.

"ताई गेली मागच्या वर्षी. तुम्ही तिच्या ओळखीचे का?"

"नाही, म्हणजे धाकटी बहीण. गाणी करायची ती. टिटवी."

बाईंनी दाराची चौकट धरली. "टिटवी मीच. का हो?"

डॉक्टरीणबाई पायरीवर मटकन बसल्या. हसू आणि रडू एकदमच फुटलं. "अहो, तुम्ही जिवंत आहात!"

"मग? आत्ता पोरांच्या फौजेला पोहायला शिकवून येतेय. मेल्यावर जमलं असतं का ते?"

आत चहा झाला तेव्हा त्या गाण्याचाही उलगडा झाला. तिशीपर्यंत टिटवीबाई पाण्याला घाबरायच्या. त्यांच्या पोहण्याच्या शिक्षिका मागे उभ्या राहून सारखं तेच बजावायच्या, काठ सोड, हात सोड. "पहिल्यांदा तरंगले त्या आनंदात लिहिलं मी ते. आणि तुम्ही मला बुडवून मोकळे झालात!"

भाऊ पार ओशाळला. "पण मग थांबलात का?"

"कॅसेट कोणी घेईना. एक दुकानदार म्हणाला, हा गाण्याचा आवाज नाही, हाका मारायचा आहे. वर्षभर जगाशी अबोला धरला. मग तलावावर काम लागलं, तिथे हाका मारणाराच आवाज हवा होता." त्या हसल्या, मग कप खाली ठेवला. "गाणी करत राहिले, पण ऐकायला ताई एकटीच. ती गेली तेव्हा वाटलं, ही गाणी माहीत असलेलं आता कोणीच उरलं नाही."

भावाने कंपूला लिहिलं: 'टिटवी जिवंत आहे. पोहायला शिकवते.' फोन नुसता थरथरायला लागला. टिटवीबाईंनी चष्मा लावला आणि ओठ हलवत एकेक निरोप वाचला. बसवाली डेपोत गाडी लावून रडत होती. मास्तरांनी नुसतीच उद्गारचिन्हं पाठवली होती.

"ही बाई माझं गाणं म्हणून लेकीला झोपवते?" त्यांनी विचारलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बरं झालं बाई. बरं झालं आलात."

"सगळ्यांसमोर गाऊन दाखवाल?" डॉक्टरीणबाईंनी भीत भीत विचारलं.

"स्टेजबिज नको. तुमच्या दवाखान्यात बोलवा त्यांना, मी येईन. एक दाढही दाखवायचीय." मग त्यांनी कपाटामागून गिटार ओढली, खुंट्या पिळल्या आणि कोणीच न ऐकलेलं एक गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात शब्द अडले. "थांबा, चुकलं," म्हणत त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून धरलं.