गुरुवारी मौन पाळणारा नळ

विश्रांतवाडीत रणजितच्या बंगल्यासमोर रविवारी सकाळी इतक्या स्कूटर लागल्या होत्या, की फाटकापर्यंत पोचायलासुद्धा पूर्वपुण्याई लागावी. आत हिरवळीवर माणसं मांडी घालून बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा बागेतल्या एका नळावर खिळल्या होत्या. पितळी नळ, वर नक्षीदार मोर, तोंड गाईचं. नळ चक्क हवेत होता. मागे भिंत नाही, पाइप नाही, वर दोरी नाही. त्यातून मनगटाएवढी धार खालच्या घंगाळात अखंड पडत होती.

"गंगा!" जलेश्वरानंद महाराज डोळे मिटून म्हणाले. "पाइपातलं पाणी महापालिकेचं, हे पाणी श्रद्धेचं!"

गर्दीने हात जोडले. महापालिकेला नावं ठेवली की पुण्यात माणूस निम्मा संत होतोच, उरलेलं निम्मं काम कफनी करते, असं शेजारच्या सुशीलाबाईंना वाटून गेलं. त्यांचा जन्म सदाशिव पेठेतल्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता. निवृत्तीनंतर हवा खायला म्हणून त्या इकडे आल्या, आणि नशिबी हे आलं.

महाराजांचा खरा उद्योग नळविक्रीचा होता. हवेतला नळ ही नुसती पाटी. भक्ताने आपल्या बागेसाठी सिद्ध नळ घ्यायचा, तो राशीवरून निवडायचा. सिंहेला सिंहमुखी, मीनेला मत्स्यमुखी, आणि कन्येला काय द्यावं हे न सुचल्यामुळे कमळ. बसवायचा ईशान्येला, मुहूर्तावर, आणि प्लंबर उपाशीपोटी हवा.

"आणि महाराज, नळ गळायला लागला तर?" एकाने विचारलं.

"वत्सा, वायसर बदलू नकोस. मन बदल."

रणजित मान डोलावत होता. आजोबांचं वावर बिल्डरला गेलं, त्या पैशात हा बंगला उभा राहिला, आणि पोरगा कल्याणीनगरच्या काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेतल्या बँकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला लागला. स्वतःच्या हिरवळीवर मात्र त्याने चूक शोधली नव्हती. तिथे श्रद्धा होती ना!

सुशीलाबाईंनी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण रणजितच्या आईला, आनंदीबाईंना, काचबिंदू होता. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून रोज संध्याकाळी सुशीलाबाईच कुंपणातून जाऊन त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायच्या. महाराज आले आणि ते थेंब बंद झाले.

"आता गंगेचंच पानी घालते डोळ्यात," आनंदीबाई म्हणाल्या होत्या. "म्हाराज म्हनले, दोन्ही चालायचं न्हाई. औषध घातलं की गंगा रुसती."

"अहो, गेलेली नजर परत येत नाही या आजारात. डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"डागदरनं काय हवेत नळ लावलाय व्हय?"

सुशीलाबाई घरी येऊन संतापाने रडल्या. गेल्या आठवड्यात याच आनंदीबाई बाजूला ठेवलेल्या पाटाला अडखळून पडता पडता वाचल्या होत्या. तेव्हापासून सुशीलाबाई नळाकडे नीट बघू लागल्या.

पहिली गोष्ट त्यांना खटकली ती घंगाळाची. एवढी धार दिवसभर पडते, तर घंगाळ भरून वाहत का नाही? दुसरी गोष्ट, महाराज धारेला हात लावू देत नसत. तीर्थ शिष्य घंगाळातून पळीने वाढायचा. आणि तिसरी, गुरुवारी नळ बंद. गुरूंचा वार, गंगेचं मौन, असं भक्त एकमेकांना कौतुकाने सांगत. पुण्यात गुरुवारी आणखी कोण मौन पाळतं, हे त्यांतल्या एकालाही आठवलं नाही. दुरुस्तीसाठी दर गुरुवारी वीज जाते म्हणून बुधवारीच मिक्सरवर चटणी वाटून ठेवणारी ही माणसं!

आरती संपली तशा सुशीलाबाई उठल्या.

"रणजित, बंगल्याचा मेन स्विच बंद कर बघू."

"का, काकू?"

"गंगा शंकराच्या जटेतून येते की वीज मंडळाच्या तारेतून, ते बघू."

महाराजांचे डोळे खाडकन उघडले. "माते, गंगा कोपेल! अनर्थ होईल!"

"झाला तर माझ्यावर होऊ दे. माझी रास कन्या आहे, कमळ बघून घेईल."

मागून कोणीतरी हसलं. रणजित घुटमळला. मग त्याने आईकडे पाहिलं. आनंदीबाई आवाजाच्या दिशेने चेहरा वळवून चाचपडत उभ्या राहत होत्या, आणि पाट त्यांच्या पायाशीच होता. तो आत गेला.

धार बारीक झाली, तुटली आणि थांबली. घंगाळातून सरळ वर उभी राहिलेली एक जाड पारदर्शक नळी तेवढी उरली आणि तिच्या डोक्यावर तो मोर बसलेला. घंगाळातली झेंडूची फुलं बाजूला केली तर तळाशी कूलरचा असतो तसला पंप. त्याची तार हिरवळीखालून समईमागच्या प्लगात गेलेली.

"पंप पाणी नळीतून वर ढकलतो," सुशीलाबाईंचा वर्गातला आवाज लागला. "ते नळाच्या तोंडाला आपटून नळीभोवतीच खाली पडतं. पडत्या पाण्यात आतली नळी दिसत नाही. नळाला मागून भोकच नाही. पाणी तेच, फिरून फिरून तेच. पहिल्या दिवसापासून यात शिष्याची पळी बुडतेय, निर्माल्य कुजलंय. आणि हे आनंदीबाई डोळ्यांत घालत होत्या."

महाराज चप्पल शोधू लागले, तर रणजितने त्यांना तिथेच बसवलं आणि पोलीस चौकीला फोन लावला. गर्दीतल्या एका गृहस्थाने मात्र हळूच विचारलं, "पण माझा मत्स्यमुखी नळ बुक झालाय, तो मिळेल ना?"

रणजित आईला घेऊन गेला तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. उरलेली नजर थेंबांनी टिकेल, म्हणाले. गेली ती गेली.

पुढे रणजितने बोहरी आळीतून साधा पितळी नळ आणला. मोर होता त्याच्यावर, आईची हौस. पण निवडताना त्याने आधी मागचे आटे पाहिले. प्लंबरने पोटभर पोहे खाल्ले, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि नळ भिंतीत घट्ट बसवला.

संध्याकाळी सुशीलाबाई थेंब घालायला आल्या तेव्हा आनंदीबाई भिंतीशी वाकल्या होत्या. मोरावरून, नळाच्या बुडाकडून, पाइपावरून त्यांचा थरथरता हात भिंतीलगतच्या टाकीपर्यंत सरकत होता.

"काय करताय?"

"पानी कुठून येतंय ते बघते. डोळ्यांनी बघायचं तवा बघितलं न्हाई, आता हातानं बघते."

बघायचं ते एवढंच असतं. जिथे हात लावायला मनाई असेल, तिथे आधी विचारा, का? आणि ते डोळे शाबूत असतानाच विचारा.