नळीतल्या दोन अक्षता

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पिस्तूल आहे. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, दारूचा कण माझ्या पोटात कधी गेलेला नाही, आणि तरीही माझ्यामुळे एका बाईचा डोळा गेला. हे मी आधीच सांगून टाकते. माझ्या जन्माची गोष्ट तशी गमतीची आहे. ती ऐकून तुम्ही मला लाडावून ठेवाल आणि मग खरे सांगणे मला जड जाईल.

माझा जन्म १९५१ साली अंधेरीच्या एका लहानशा फिल्म कंपनीत झाला. कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन मोठे दिवे आणि उधारीवर आणलेला कॅमेरा. मारामारीच्या चित्रपटात पिस्तूल तर पाहिजेच. खऱ्या पिस्तुलात नुसती दारू भरून बार काढायचा, अशी तेव्हाची रीत होती. एकदा असाच बार काढताना ठिणगी उडाली आणि एका बाईचा पदर जळाला. तेव्हा दिग्दर्शक श्यामकांत हात जोडून म्हणाले, "मेस्त्री, ही दारू बंद करा. मला धूर दिसला म्हणजे झालं."

मेस्त्री म्हणजे लवू मेस्त्री. मालवणकडचा सुतार. कंपनीतले राजवाडे, तुरुंग आणि देवळे तोच उभी करायचा आणि तोच मोडायचा. त्याने एका मोडक्या दाराची सागवानी चौकट घेतली आणि तीन दिवस बसून मला कोरले. सायकलच्या पंपाची नळी माझ्या पोटात बसवली. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा आणला आणि तो मुठीत दडवला. मुठीच्या मागे एक फट ठेवली. तिच्यातून चिमूटभर शंखजिऱ्याची पूड भरायची, मूठ दाबायची, की माझ्या तोंडातून पांढरा धूर फुस्सकन बाहेर पडायचा. वर काळा रंग आणि तेलाचा हात. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा कॅमेरावाला चक्क दोन पावले मागे सरला.

माझा आवाज मात्र माझा नव्हता. तो दशरथचा. आवाजाच्या खोलीत तो खुर्चीच्या चामडी गादीवर वेताची छडी मारायचा आणि पडद्यावर गोळी सुटायची. रक्तही खोटेच. साखरेच्या पाकात लाल रंग कालवून त्यात स्पंजाचा तुकडा भिजवायचा. मरणाऱ्याने तो तळहातात लपवायचा आणि गोळी लागली की छातीशी दाबायचा.

सगळे खोटे असले तरी मेस्त्रीचे नियम खरे होते. माझे तोंड कोणाच्या चेहऱ्यावर रोखायचे नाही, खांद्याच्या बाहेर वीतभर जागा सोडून धरायचे. कॅमेऱ्याला ते सरळच दिसते. दुसरा नियम त्याहून कडक. पूड भरण्याआधी, ज्याच्यावर मी झाडले जाणार त्याच्या देखत, मेस्त्री माझ्या नळीला तोंड लावून जोरात फुंकायचा. मग मोकळा फुगा दाबून त्या माणसाच्या हातावर नुसता वारा लागतो हे दाखवायचा. नट हसायचे. नंदकिशोर, आमचा नेहमीचा खलनायक, म्हणायचा, "आलं मेस्त्रींचं बासरीवादन." मेस्त्रीला त्याचे काही वाटत नसे. फुंकल्याशिवाय तो मला कोणाच्या हाती देत नसे.

तीन वर्षांत मी किती जणांना मारले ते मला आठवत नाही. कोणाला ओरखडाही उठला नाही. इतर कंपन्यांतली माणसे मला बघायला येऊ लागली. मला फार चढले, हे कबूल करते. दारूची पिस्तुले वाईट आणि मी तेवढे साधू, अशी माझी समजूत झाली.

माझ्यापुढे सगळ्यात सुरेख मरायची ती वनमाला. घाटकोपरला आई आणि धाकट्या भावाबरोबर राहायची. गर्दीत उभे राहायचे, ओरडायचे आणि पडायचे, हे तिचे काम. पाच वर्षे तिने पडद्यावर एक शब्दही उच्चारला नव्हता. १९५४ च्या पावसाळ्यात श्यामकांतांनी तिला मोठी भूमिका दिली. नायकाची बहीण. नाव होते, चेहरा जवळून दिसणार होता आणि मरण्यापूर्वी बोलायला चांगली पाच वाक्ये होती. ती वाक्ये ती रंगाच्या डब्यावर बसून भिंतीला म्हणून दाखवायची. मेस्त्री लांबून म्हणायचा, "भिंत रडाक लागली गो, आता पुरे कर." त्या चित्रपटाचा मुहूर्त दसऱ्याचा ठरला.

दसऱ्याला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या सकाळी मेस्त्रीने शेडमध्ये पाट मांडला. करवत, रंधा, पटाशी, दशरथची छडी, आणि मधोमध नारळाला टेकवून मी, तोंड वर करून. झेंडू वाहिले, हळदकुंकू लावले आणि मेस्त्रीने डोळे मिटून सगळ्यांवर अक्षता टाकल्या. दोन ओल्या, कुंकवाने माखलेल्या अक्षता माझ्या नळीत शिरल्या. मला त्या चांगल्या जाणवल्या. मित्रांनो, खरे सांगू? मला गुदगुल्या झाल्या. देवाचा प्रसाद पोटात गेला, असे वाटले.

पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती असते. पण श्यामकांतांना मुहूर्ताचा शॉट माझ्यावरच हवा होता. नंदकिशोर मला झाडतो आणि वनमाला कोसळते, एवढेच. तिची वाक्ये दुसऱ्या दिवशी घ्यायची होती.

"आज हत्यार उचलूक नको," मेस्त्री म्हणाला.

"एकच शॉट हो मेस्त्री. मुहूर्त टळतोय."

मेस्त्रीने मला दोन्ही हातांनी नमस्कार करून उचलले. सवयीने तोंडाजवळ नेले आणि तिथेच थांबला. "पूजेचा हत्यार उष्टा कसा करू?"

"राहू दे ना मेस्त्री," वनमाला म्हणाली. तिला घाई झाली होती, आनंदाची घाई. "लाकूडच तर आहे."

मेस्त्रीने नळीतही डोकावून पाहिले नाही. पुढच्या बाजूला कुंकू होते, ते पुसले जाईल म्हणून त्याने मला मागूनच धरले, फटीतून पूड भरली आणि नंदकिशोरच्या हातात दिले. देवापुढून आलेली वस्तू तपासायची असते, हे त्या वेळी तिथे कोणालाच सुचले नाही. आत अक्षता आहेत हे मला माहीत होते. मी लाकूड, मला बोलता येत नाही, हे खरे. पण बोलता आले असते तरी मी त्या क्षणी बोलले असते का? सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मला ते आवडत होते. हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

दोघांचे चेहरे एका चौकटीत यायचे होते, म्हणून दोघे हातभर अंतरावर उभे होते. नंदकिशोरने नियमाप्रमाणे मला तिच्या डाव्या खांद्याच्या बाहेर धरले आणि मूठ दाबली. अक्षतांपाशी अडकलेला वारा आधी कोंडला आणि मग एकदम सुटला. पूड फिसकारून आडवी उडाली. वनमाला डाव्या डोळ्यावर हात ठेवून खाली बसली. तिच्या दुसऱ्या तळहातातला स्पंज दाबला गेला आणि सगळी साडी लाल झाली. श्यामकांत म्हणाले, "झकास," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उठेना तेव्हा टाळ्या थांबल्या.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यातून तांदळाचा तुकडा काढला. बुबुळावर ओरखडा होता. चार दिवसांत डोळा चिघळला आणि महिन्याभराने त्यावर फूल पडले. डाव्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार एवढेच कळू लागले. शूटिंगचा दिवा लागला की उजवाही पाण्याने भरून यायचा. भूमिका दुसऱ्या मुलीला मिळाली. तिने ती पाचही वाक्ये म्हटली. मी तेव्हा तिथेच होते, पण मला ती ऐकवली नाहीत.

कंपनीत बोलले गेले की बाईनेच डोळा चोळला म्हणून चिघळला. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले योग. मेस्त्री काहीच बोलला नाही. त्या संध्याकाळी त्याने मला उलटे करून आपटले तेव्हा दुसरी अक्षत त्याच्या तळहातावर पडली होती. ती त्याने कागदात बांधून खिशात ठेवली आणि दोन महिने तशीच बाळगली. तो जेवताना मधेच थांबायचा. माझ्याकडे त्याने पाहणे सोडले.

शेवटी एका रविवारी त्याने मला पंच्यात गुंडाळले, पिशवीत हातोडी घातली आणि घाटकोपरला वनमालाच्या दारात जाऊन उभा राहिला. ती भाजी निवडत होती, मान एका बाजूला वळवून, उजवा डोळा ताटाजवळ आणून. मेस्त्रीने ती पुडी तिच्यापुढे ठेवली.

"तू डोळो चोळलंस म्हणून काय झाला नाय. मी नळी बघूक नाय. माका ठाऊक होता आणि मी गप रवलंय." मग त्याने हातोडी काढली. "ह्या तुझ्यासमोर मोडतंय. माका माफ कर गो."

वनमालाने पुडी उघडली, दाणा बोटाने चाचपला आणि परत बांधून ठेवली.

"माफ केलं म्हटलं की तुम्हाला आज झोप लागेल," ती म्हणाली. "मला काय मिळणार? आणि हे मोडून उद्या दुसरं बनवाल. त्याला काहीच माहीत नसणार."

मेस्त्रीने हातोडी खाली ठेवली.

"मोडू नका. ज्याच्या हातात द्याल, ज्याच्यासमोर धराल, त्याला दर वेळी काय झालं ते सांगा. आणि एका बाईचा डोळा गेला, असं नको. बाया पुष्कळ असतात. माझं नाव घ्या." तिने भाजीची पुढची जुडी सोडली. "आणि राहू दे असं मी म्हटलं होतं, तेही सांगा. ते लपवू नका."

त्यानंतर चार वर्षे मेस्त्रीने ते पाळले. पहिल्या वेळी तो अर्ध्यावरच थांबला आणि पुढचे बोलणे दशरथला पुरे करावे लागले. नट आता हसत नव्हते. प्रत्येक शॉटच्या आधी मला माझा गुन्हा ऐकावा लागे, आणि मित्रांनो, तो मी कान देऊन ऐकत असे. दसऱ्याला मेस्त्री पूजा करी, पण मला पाटावर ठेवत नसे. मला त्याचे वाईट वाटले नाही.

मागच्या वर्षी मेस्त्री गावी गेला. कंपनी बुडाली आणि मी नाटकांना सामान पुरवणाऱ्याच्या ट्रंकेत आले. आता शाळांच्या संमेलनांना जाते. जो मला हातात देतो तो एवढेच सांगतो की मूठ दाबली की धूर येतो. मुले मला एकमेकांच्या तोंडावर धरतात. त्यांना कोणीच काही सांगत नाही, म्हणून माझा जीव खालीवर होतो.

तेव्हा मुलांनो, मला उचलण्याआधी थांबा. माझी नळी उजेडात धरून आरपार पाहा, मग जिच्यासमोर धरणार तिला पाहू द्या. ती राहू दे म्हणाली तरी पाहायला लावा. मी निरुपद्रवी आहे असे कोणी म्हटले तर त्याला सांगा, अंधेरीच्या शेडमध्ये दसऱ्याच्या सकाळी ह्या पिस्तुलाने एकीचा डोळा घेतला. तिला पाच वाक्ये बोलायची होती, ती राहून गेली. तिचे नाव वनमाला धाकू पेडणेकर.