अक्रोडी रंगाचे दोन हात

ऑरिन ट्वेटने सदुसष्टाव्या वर्षी लग्न केलं तेव्हा त्याची समजूत अशी, की आपण आर्डिसशी लग्न करतोय. टॅमरॅक गावात तिच्या घरी राहायला आल्यावर आठवड्याभरात त्याला कळून चुकलं, की तिच्याबरोबर तिच्या पहिल्या नवऱ्याच्या तीन करवती, त्याचं बर्फ उडवायचं यंत्र, त्याची थोरली बहीण आणि त्याचा शेजारीही आपल्या पदरात पडलाय.

पहिला नवरा हार्लन. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. लाकडाच्या वखारीत मुकादम होता, आणि घरामागचा डेक, म्हणजे उघडा लाकडी ओटा, त्याने एकट्याने बांधला होता. तळ्याकडे तोंड, देवदाराच्या लांबच लांब फळ्या, आणि एकही खिळा डोळ्यांना दिसेल तर शपथ. दर दोन वर्षांनी जूनमध्ये तो त्याला रंग द्यायचा. गावातले लोक आजही दिशा सांगताना "हार्लनच्या डेकावरून डावीकडे" असं सांगत.

ऑरिनचा जन्म गेला पियानोचे सूर लावण्यात. हात मऊ, बोटं लांब, कान मांजराचे. लाकडाशी संबंध म्हणाल तर आत तारा असलेल्या लाकडाशी.

सहा वर्षांत डेकाला कुणी हात लावला नव्हता. फळ्या राखाडी पडल्या होत्या, अनवाणी चाललं तर कुसळ भरायचं. मे महिन्यात एका सकाळी शेजारचा वेंडल कुंपण ओलांडून आला आणि हातातली उरलेली कॉफी त्याने सरळ फळीवर ओतली. बघता बघता ती आत जिरली.

"बघ," वेंडल म्हणाला. "गटकन प्यालं. राखलेलं लाकूड पाणी वर धरतं, मोत्यांसारखं. हे तहानलंय बिचारं. हार्लन असता तर..."

"हार्लन असता तर मी इथे नसतो," ऑरिन म्हणाला.

वेंडलने यावर थोडा विचार केला. "तेही आहेच," म्हणाला, आणि कप घेऊन परत गेला.

त्याच दिवशी ऑरिनने जाहीर केलं, की डेक मी रंगवणार. आर्डिस ओट्याशी रुबार्बचे आंबट देठ चिरत होती. ती म्हणाली, "रंगव की. फक्त वेंडलला विचारून कर."

हे 'फक्त' ऑरिनला फळीच्या कुसळासारखं लागलं.

सुरुवात त्याने छान केली. फळ्या घासून धुतल्या, तीन दिवस उन्हात वाळू दिल्या, मग गुडघ्यांवर बसून एकेक फळी पॉलिशपेपरने गुळगुळीत केली. वेंडल रोज कुंपणाशी उभा राहून बघे. काही बोलत नसे, आणि वेंडलकडून ती शाबासकीच होती.

मग ऑरिन रंगाच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या माणसाने वर न बघताच विचारलं, "आर्डिसचा डेक ना? हार्लनचा नेहमीचा मधाळ रंग. चार डबे."

"अक्रोडी," ऑरिन म्हणाला.

माणसाने आता वर बघितलं. "अक्रोडी," तो म्हणाला. "वेगळा आहे."

टॅमरॅकमध्ये 'वेगळा' याहून जहरी शब्द नव्हता. मेलेल्या माणसालाही तिथे कुणी वाईट म्हणत नसे. फार तर वेगळा होता म्हणत. ऑरिनला हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने अक्रोडीच घेतला.

डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं: एकच पातळ हात द्यावा, आणि पंधरा मिनिटांनी, लाकडात न मुरलेला रंग फडक्याने पुसून घ्यावा. ऑरिनने ते दोनदा वाचलं, चांगलं सुती फडकं घेतलं आणि सोमवारी सकाळी कामाला लागला. पहिल्या आठ फळ्या झाल्या. तो पुसायला वाकला, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

"आता पुस."

ऑरिन वाकलेलाच राहिला.

"पंधरा मिनिटं झाली," वेंडल म्हणाला. "लाकडाला प्यायचं तेवढं ते प्यालं. वरचं पुसून घे. हार्लन तर घड्याळ लावून पुसायचा."

फडकं हातातच होतं. वाकलाही होता. नुसता हात फिरवायचा बाकी होता. पण माणसाचा हात कुठे अडेल, सांगता येत नाही. ऑरिन सरळ उभा राहिला आणि त्याने फडकं खिशात कोंबलं.

"या रंगाला पुसावं लागत नाही."

"डब्यावर तसं लिहिलंय?"

"माझ्या डब्यावर लिहिलंय."

त्या दिवशी त्याने अख्खा डेक न पुसता रंगवला. दुसऱ्या दिवशी दोन डबे उरले होते आणि राग तर सगळाच उरला होता, म्हणून भर दुपारच्या उन्हात त्याने दुसरा हात दिला. वेंडलने मयतासमोर काढतात तशी डोक्यावरची टोपी काढली, डेकाकडे बघितलं, ती परत डोक्यावर घातली आणि घरात गेला.

गुरुवारी दुपारी दोन वाजता चर्चमधलं महिला मंडळ आर्डिसकडे जमणार होतं. दहा बाया आणि पाळकबाई. ऑरिनने सकाळी उठून डेक पाहिला. आरशासारखा चमकत होता. त्याने बोट टेकलं आणि उचललं. बारीकसा 'च्' असा आवाज आला. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. ऊन चढलं की वाळेल, त्याने स्वतःला समजावलं.

"वाळला ना?" आर्डिसने विचारलं.

"वाळला."

आर्डिसने चष्म्यावरून त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "बरं. मग बाहेरच मांडते सगळं."

दोनच्या ठोक्याला बाया आल्या. पुढे मर्ना, हातात लिंबाच्या वड्यांचं ताट. डेकावर तिचं पहिलं पाऊल पडलं. डेकाने ते धरलं, जरा विचार केला आणि सोडलं. मर्ना थबकली. मग जणू काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने दुसरं पाऊल टाकलं. तिच्यामागे बाकीच्या. च्यक, च्यक, च्यक. ऑरिन कॉफीची किटली घेऊन दारात उभा होता, आणि त्याच्या कानांना यातलं काहीही चुकत नव्हतं. मर्नाचा जोडा मध्यमात सुटला. पाळकबाई ब्रिटा तरुण होत्या, पातळ चपला घालत; त्या पंचमात सुटल्या. सगळ्यांत शेवटी लव्होन आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, हातात काठी, हार्लनची सख्खी थोरली बहीण. काठीचं रबरी टोक सुटलं ते खर्जात.

"रंग बदलला वाटतं," लव्होन बसत म्हणाली.

"हो, अक्रोडी," आर्डिस म्हणाली.

"वेगळा आहे," मर्ना म्हणाली.

"फारच वेगळा आहे," दोघीतिघींनी दुजोरा दिला.

आणि सभा सुरू झाली. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्या गावात पाहुण्याच्या ताटात झुरळ निघालं तर पाहुणा त्यावर पाव झाकून ठेवतो आणि पाककृती विचारतो. अकरा बायका पाय जमिनीवर घट्ट रोवून बसल्या आणि रजया शिवायच्या कापडावर बोलू लागल्या. कुणाला वडी हवी असली तर ती पाय न हलवता कमरेतून वाके, आणि ताटाजवळची बाई तितकीच पलीकडून वाके. मर्नाच्या हातून एक वडी निसटून खाली पडली. ती उचलायला गेली, तर वडी उचलायला तयार होईना. मर्नाने तिच्यावर हळूच रुमाल टाकला. आता रुमालही गेला.

ऑरिन दारातून हलत नव्हता. कॉफी द्यायला जायचं तर स्वतःला त्यावरून चालत जावं लागलं असतं.

साडेतीनला तळ्याकडून वारा सुटला. जूनमध्ये टॅमरॅकच्या तळ्याकाठची झाडं सावरीसारखा कापूस सोडतात, तो वाऱ्यावर तरंगत आला आणि डेकावर उतरला. उतरला तो उडेना. आधी शिंतोडे दिसले, मग लव आली, आणि चार वाजेपर्यंत हार्लनच्या डेकाला पांढरीशुभ्र दाढी फुटली होती. बाया पायाखाली बघायचं टाळत तळ्याकडे बघत होत्या.

"यंदा कापूस बराच आहे," पाळकबाई म्हणाल्या.

"हो, बराच," सगळ्या म्हणाल्या.

मग पाळकबाईंनी वही मिटली आणि सवयीने म्हणाल्या, "समारोपाच्या प्रार्थनेसाठी उभ्या राहू या."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण शब्द गेला तो गेला. अकरा जणी उठल्या. पाय उचलले, आणि जोडे जिथल्या तिथे राहिले. मोज्यातले पाय खाली टेकले ते तिथेच रुतले. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना झाली. आमेन झालं. डोळे उघडले, आणि कुणीही हललं नाही.

"ऑरिन," लव्होन शांतपणे म्हणाली, "डेक वाळलाय का रे?"

असं सरळ कुणी कुणाला विचारत नसे. ऑरिनचे कान तापले. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. सगळी जागा चिकट होती.

"नाही," तो म्हणाला. "वाळला नाही. मी पुसला नाही. डब्यावर पुसा म्हणून लिहिलं होतं, वेंडल पुस म्हणून सांगत होता, फडकं हातात होतं. हार्लन पुसायचा म्हणाला, म्हणून नाही पुसला. चुकलं माझं."

कुणीतरी नाकातून एक बारीक आवाज काढला. मर्नाने तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलायला लागले. पाळकबाईंनी आकाशाकडे बघितलं, आणि मग त्यांनाच सर्वांच्या आधी हसू फुटलं. अकरा जणी पाय न हलवता, एकमेकींना धरून, वाऱ्यातल्या लव्हाळ्यासारख्या डोलत हसत होत्या.

लव्होन मात्र हसली नाही. ती हळूच खुर्चीत परत बसली. हार्लन तिचा भाऊ होता.

"सोन्यासारखा माणूस होता माझा भाऊ," ती म्हणाली. "पण बत्तीस वर्षांत त्याने मला या फळ्यांवर बसू दिलं नाही. चार जुलैच्या सणाला आम्ही सगळे खाली गवतात, डासांत बसायचो. आणि वर मान करून हा डेक बघायचो."

"खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे घालायचा," मर्ना आठवून म्हणाली.

"मोजे मीच विणले होते," आर्डिस म्हणाली. "चोवीस."

"आज पहिल्यांदा इथे बसून कॉफी प्याले," लव्होन म्हणाली. "आता उठायचीही घाई नाही. उठता येतच नाही म्हणा. ऑरिन, वडी दे एक. खाली पडलेली नको."

ऑरिनने मोज्यांसकट डेकावर पाऊल ठेवलं आणि च्यक च्यक करत तिच्यापर्यंत गेला.

"मी काही ऐकत नव्हतो," कुंपणापलीकडून वेंडल म्हणाला. त्याच्या एका हातात टर्पेंटाइनचा डबा होता, दुसऱ्यात रंग खरवडायची पट्टी, आणि काखेत पुठ्ठ्यांची चळत. तो तीन वाजल्यापासून तिथे उभा होता हे कुणीही बघून सांगितलं असतं. त्याने पुठ्ठे अंथरून वाट केली, आणि ऑरिनने एकेकीचा हात धरून तिला त्यावरून दारापर्यंत पोचवलं. चार जोड जोडे वाचले नाहीत. पाळकबाई अनवाणीच घरी गेल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसली.

"मी सकाळीच बोट लावून पाहिलं होतं," आर्डिस म्हणाली.

ऑरिनने मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तू वाळला म्हणालास. म्हटलं, एकदा नवऱ्याचं ऐकून तर बघू, काय होतं ते."

"आर्डिस!"

"आणि खोटं बोललास ना माझ्याशी? मग म्हटलं, आता बस चिकटून." तिने चहाचा कप फिरवला. मग हसू आवरून म्हणाली, "अक्रोडी काय, मधाळ काय. दोघांपैकी एकाने तरी कधी मला विचारलंत, की तुला कोणता रंग हवाय?"

डेक तिच्या घराचा होता, ही गोष्ट ऑरिनच्या मनात एकदाही आली नव्हती.

"कोणता हवाय?"

"निळसर," आर्डिस लगेच म्हणाली. एवढ्या लगेच, की ती हे किती वर्षं घोकत असेल याचा हिशेब करायची त्याची हिंमत झाली नाही.

अक्रोडी रंग आणि कापूस खरवडून काढायला दोन आठवडे गेले. वेंडल आणि ऑरिन शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसत. मग निळसर रंगाचा एकच पातळ हात, आणि ऑरिनने स्वतः घड्याळ लावून पुसलं. फडकी गोळा करून तो बादलीत टाकायला निघाला, तर वेंडलने त्याचा हात धरला.

"ढीग करू नको. तेलाची फडकी आपोआप पेटतात. कुंपणावर वाळत घाल."

"थट्टा करतोस?"

"मी आयुष्यात थट्टा केलेली नाही," वेंडल म्हणाला, आणि ते खरं होतं. ऑरिनने फडकी एकेक करून कुंपणावर पसरली.

तिसऱ्या दिवशी, सूर्य तळ्यावर कलताना, ऑरिनने आपला चर्चला जायचा पांढरा शर्ट घातला आणि डेकाच्या मधोमध उताणा झोपला. दहा मिनिटांनी आर्डिस बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. तो बसता झाला, तिने त्याची पाठ नीट न्याहाळली, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"एक ठिपका नाही," ती म्हणाली, आणि गुडघा धरत, हुश्श करत शेजारी आडवी झाली.

वरून बदकांची रांग गेली. कठड्याच्या एका गजाकडे बघत ती म्हणाली, "तिथे रंग जरा कमी लागलाय का रे?"

"असेल," ऑरिन म्हणाला. "उद्या वेंडलला दाखवू."