रुपालीचा न वापरलेला परवाना

मित्रांनो, मी एक जुना वाहन परवाना आहे. माझ्यावर फोटो रुपालीचा आहे, पण माझं आयुष्य नासवलं तिच्या नवऱ्याने, यज्ञेश्वरने. त्याच्याबद्दल मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

१९९९ साली पुण्याच्या परिवहन कार्यालयात माझा जन्म झाला. रुपाली तेव्हा नोकरीसाठी अमरावतीहून नुकतीच आली होती. चाचणीत तिने चढावर गाडी थांबवली आणि जराही मागे न घसरू देता पुढे नेली. निरीक्षक म्हणाले, "हात शांत आहे." तेवढंच काय ते माझ्या वाट्याचं कौतुक! पुढे लग्न झालं, मोटार आली, पण किल्ली कायम यज्ञेश्वरच्या खिशात. खराडीच्या एका कंपनीत तो मॅनेजर होता. "पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तुला जमणार नाही," असं म्हणून तो विषय संपवायचा. मी पर्सच्या तळाशी पडून राहिलो. माझे कोपरे दुमडले, शाई फिकी झाली.

२००६ मधल्या एका रविवारी त्याच्या मित्राने खडकवासल्याकडच्या शेतघरावर जेवण ठेवलं होतं. दुपारी तीनपर्यंत यज्ञेश्वर पीत होता. निघताना रुपाली म्हणाली, "अहो, किल्ली द्या. मी चालवते. परवाना आहे माझ्याकडे."

"परवाना आहे म्हणे! फ्रेम करून लाव भिंतीला," तो म्हणाला. मित्र हसले. रुपाली त्याच्या शेजारी जाऊन बसली.

वारज्यात गाडी थेट बसथांब्यावर चढली. तिथे चंद्रभागाबाई उभ्या होत्या, धुण्याभांड्याची कामं उरकून घरी निघालेल्या. त्यांचा डावा पाय चाकाखाली आला. लोकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इकडे हा गृहस्थ बायकोच्या पर्समध्ये हात घालून मला शोधत होता!

"तू चालवत होतीस म्हणून सांग," तो कुजबुजला. "तू प्यायली नाहीस. तुला काही होणार नाही."

तेवढ्यात हवालदार समाधान आले. यज्ञेश्वरने मला त्यांच्यापुढे धरलं. "गाडी ही चालवत होती. आणि मी कोण आहे, तुम्हाला माहीत नाही."

"नाही ना साहेब, म्हणून तर विचारतोय," हवालदार म्हणाले. "आणि तोंड जरा तिकडे करा, वास येतोय." मग ते रुपालीकडे वळले. "ताई, गाडी कोण चालवत होतं? खोटं सांगाल तर तुमच्यावरही गुन्हा होईल."

रुपाली स्पष्ट म्हणाली, "हे चालवत होते. हे प्यायलेत."

त्याला यंत्रात फुंकायला लावलं. रुग्णालयात रक्त घेतलं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त दारू सापडली की गुन्हा होतो. याच्या रक्तात एकशे चाळीस होती. तरी वकिलाला म्हणतो कसा, "दंड भरू आणि सुटू."

वकील म्हणाले, "नुसतं पिऊन चालवली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथे बाईचा पाय मोडलाय. त्याचं कलम वेगळं, त्यात दोन वर्षांपर्यंत."

दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. तो रुपालीशी बोलेनासा झाला. सासू फोनवर तिला "नवऱ्याला तुरुंगात घालणारी" म्हणायची. तरी तिने साक्ष बदलली नाही. यज्ञेश्वरला चार महिन्यांची कैद झाली, परवाना वर्षभरासाठी गेला आणि कंपनीने त्याचा राजीनामा घेतला. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

निकालानंतर रुपाली स्वतः गाडी चालवत चंद्रभागाबाईंकडे गेली. मी पर्समध्ये ऐटीत होतो. वाटलं, आता आमचं कौतुक होणार. बाई काठी टेकत दारात आल्या. त्यांनी आत बोलावलं नाही.

"कोर्टात तुम्ही खरं बोलला, ते ऐकलं म्या," त्या म्हणाल्या. "पर माणूस पिलेला हाय हे ठावं असून तुम्ही त्या गाडीत बसला कशापायी?"

रुपाली दारातूनच मागे फिरली. माझी ऐट तिथेच उतरली.

मित्रांनो, मोठं माणूस पिऊन किल्ली उचलू लागलं, तर गाडीत बसू नका. वडील असोत, काका असोत, रस्त्यात उभे राहा, ओरडा, चार लोक गोळा करा. खरं बोलायची वेळ तीच असते. आम्ही ते बोललो अपघातानंतर, आणि चंद्रभागाबाई अजून काठी टेकत चालतात.